गिरणगावातील खाणावळी : घरातून चाललेल्या एका उद्योगाचा इतिहास

मुंबईच्या कापडगिरण्यांविषयी आजवर जे विपुल लेखन झाले, त्यात गिरणीमालक, भांडवल, यंत्रसामग्री, कामगार संघटना आणि संप यांचा तपशीलवार विचार झालेला आढळतो. परंतु या गिरण्यांत राबणाऱ्या लाखभर पुरुषांना रोज दोन वेळा जेवू कोण घालत होते, हा साधा प्रश्न त्या लेखनात क्वचितच विचारला गेला. या प्रश्नाचे उत्तर गिरणगावातील खाणावळींत आहे. ठरलेल्या माणसांना ठरलेल्या मासिक दराने दोन्ही वेळचे जेवण पुरवण्याची व्यवस्था म्हणजे खाणावळ. आणि गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, वरळी, डिलाईल रोड, भायखळा या गिरण्यांनी वेढलेल्या वस्तीत, ही व्यवस्था बहुतांशी स्त्रियांनी स्वतःच्या राहत्या खोलीतून, स्वतःच्या चुलीवर आणि स्वतःच्या नावावरच्या उधारीवर चालवली. तिच्यावर हजारो कुटुंबे जगली आणि तिच्याच आधाराने गिरणीमालकांना कामगारांची मजुरी कमी ठेवता आली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे लक्षात घेतल्याशिवाय या व्यवसायाचा इतिहास नीट कळत नाही.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली आणि दोन वर्षांनी त्या गिरणीत प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढत गेली, तसा कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरील सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर या भागांतून मनुष्यबळाचा ओघ मुंबईकडे लागला. हा ओघ प्रामुख्याने एकट्या पुरुषांचा होता. कोकणातील तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर वर्षभर पोट भरत नसे, पण ती शेती सोडून देणेही परवडत नसे. म्हणून बायको, मुले आणि म्हातारे आईबाप यांना गावी ठेवून कर्ता पुरुष बोटीने मुंबईला येई, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर धाडी आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाऊन येई. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. एवढा विषम समाज ज्या शहरात राहतो, तिथे स्वयंपाक ही घरातली खासगी बाब राहू शकत नाही, तिचा बाजारात व्यवहार होणे अटळ ठरते.

राहण्याची स्थिती या निकडीत भर घालणारी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पाहण्यांनुसार मुंबईतील कामगार कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे एकाच खोलीत राहत. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून ज्या २०७ चाळी बांधल्या आणि ज्या पुढे बी.डी.डी. चाळी म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांतील खोलीही साधारण १६० चौरस फुटांचीच होती. एकटे पुरुष अशा खोल्यांत दहा-दहा, पंधरा-पंधरा जणांच्या गटाने राहत. एकाच गावची किंवा एकाच पंचक्रोशीतली माणसे मिळून खोली घेत, भिंतीला ज्याची त्याची पेटी ठेवत, आणि पाळी संपवून आलेला माणूस पाळीवर निघालेल्याच्या वळकटीवर आडवा होई. अशा खोलीत चूल मांडायला जागाही नसे आणि वेळही नसे. काही गटांनी भटारी किंवा आचारी ठेवून सामाईक स्वयंपाकाची सोय केली. पण बहुतेकांना शेजारच्या चाळीतल्या, शक्यतो आपल्याच मुलखातल्या, एखाद्या बिऱ्हाडाच्या चुलीचा आधार घ्यावा लागला. ज्या मोजक्या कामगारांनी कुटुंब मुंबईत आणले होते, त्यांच्या घरातली स्त्री अशा रीतीने खाणावळवाली झाली.

या व्यवसायाकडे स्त्रिया वळण्यामागे गिरणीतील घडामोडींचाही मोठा वाटा होता आणि हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांत ढोबळमानाने पाचांत एक स्त्री असे. वाइंडिंग, म्हणजे सूत कांडीवर भरण्याचे काम, आणि रीळ ही खाती जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांच्याच हातांत होती. पुढे मालकांनी यंत्रे वाढवून माणसे कमी करण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्याचा पहिला आघात या खात्यांवर झाला. स्त्रियांना रात्रपाळीस लावण्यास कायद्याची बंदी होती, त्यामुळे १९३० च्या दशकापासून गिरण्या दोन आणि मग तीन पाळ्यांत चालू लागल्या तशी मालकांना पुरुष कामगार अधिक सोयीचा वाटू लागला. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याचा हेतू स्त्रीहिताचा होता, पण बाळंतपणाची रक्कम द्यावी लागू नये म्हणून विवाहित तरुण स्त्रियांना कामावरच न घेण्याचा मार्ग अनेक मालकांनी पत्करला. परिणामी स्त्रियांचे प्रमाण सतत घसरत गेले आणि १९७० च्या दशकापर्यंत ते नगण्य उरले. गिरणीच्या दारातून बाहेर पडलेल्या स्त्रीला घरभाडे, मुलांची शाळा आणि गावाकडचे देणे चुकत नव्हतेच. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नसे, नवरा दारूच्या नादी लागलेला किंवा आजारी असे, काही जणींना नवऱ्याने टाकलेले असे आणि काही अकाली विधवा झालेल्या असत. अशा स्त्रीजवळ भांडवल म्हणून एक खोली, चार भांडी आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेला स्वयंपाक एवढेच होते.

महाराष्ट्रातील पांढरपेशा वर्गातही याला समांतर असा एक प्रवाह दिसतो. पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेली गरीब मुले माधुकरी मागत किंवा वार लावून, म्हणजे आठवड्यातला एकेक वार एकेका घरी ठरवून घेऊन, जेवत. आणि ज्यांना पैसे देणे शक्य होते ती एखाद्या विधवा बाईंच्या घरी महिनेवारीने जेवत. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून किंवा घरात चार विद्यार्थी जेवायला ठेवून मुलांना शिकवलेल्या आईची हकिकत मराठी मध्यमवर्गातील कितीतरी कुटुंबांच्या इतिहासात सापडते. मात्र तिथे या कष्टांना त्यागाची प्रतिष्ठा लाभली, आत्मचरित्रांतून त्यांचे कृतज्ञ स्मरण झाले. गिरणगावातील खाणावळवालीच्या वाट्याला हे स्मरण फारसे आले नाही, कारण तिच्याकडे जेवलेल्यांपैकी फार थोडे आत्मचरित्र लिहिण्यापर्यंत पोहोचले.

खाणावळीचा दिवस गिरणीच्या भोंग्याने बांधलेला होता. तीन पाळ्यांच्या व्यवस्थेत पहिली पाळी सकाळी सातला भरे आणि दुपारी साडेतीनला सुटे, दुसरी साडेतीनपासून मध्यरात्रीपर्यंत चाले आणि तिसरी मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत. खाणावळीत तिन्ही पाळ्यांची माणसे जेवणारी असल्यामुळे चूल विझण्याला दिवसातून फार थोडा अवकाश मिळे. पहाटे चारच्या सुमारास उठून सार्वजनिक नळावर हंडे-कळशा लावाव्या लागत, कारण नळाचे पाणी गेले की पुढचा सारा दिवस अडे. त्यानंतर कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह पेटवून सकाळच्या पाळीचे डबे भरायचे, ते पोचवायला घरातले पोर धाडायचे, मग बाजार, निवडणे-टिपणे, पाट्यावर वाटण वाटणे, परातीत पीठ मळून चाळीस-पन्नास भाकऱ्या थापणे, आणि साडेतीनची पाळी सुटण्याआधी दुपारची पंगत तयार ठेवणे असा क्रम असे. खोली तीच असल्यामुळे जेवणाऱ्यांच्या पंगती पाळीपाळीने उठवाव्या लागत. एका वेळी भिंतीलगत पाच-सहा जण बसत, त्यांची ताटे मोरीत पडत आणि ती घासून होईपर्यंत पुढचे सज्जात उभे राहत. घरातली मुले या वेळात जिन्यावर किंवा गच्चीत अभ्यास करत आणि स्वतः बाई सर्वांत शेवटी, उरले असेल ते, खात असे. मध्यरात्री दुसरी पाळी सुटून आलेल्यांसाठी झाकून ठेवलेले जेवण गरम करून वाढायचे, तेव्हा कुठे दिवस संपे. बारा-पंधरा जणांच्या खाणावळीतही हे काम रोज चौदा-पंधरा तासांचे होते आणि त्यात मुली, सुना आणि म्हाताऱ्या सासवा यांचे श्रम गृहीत धरलेले होते.

जेवणाचा बेत ज्याच्या त्याच्या मुलखाप्रमाणे असे. कोकणी खाणावळीत भात आणि बांगड्याचे किंवा सुक्या बोंबलाचे कालवण, घाटावरच्यांच्या खाणावळीत ज्वारी-बाजरीची भाकरी, आमटी आणि सुकी भाजी, आणि आठवड्यातून एकदा, बहुधा सुट्टीच्या दिवशी, मटण किंवा गोडाधोडाचे काही. या एका जेवणावरून खाणावळीची पत ठरे आणि ते हलके झाले तर माणसे दुसरीकडे जात. हिशेबासाठी एक साधी वही असे. पुष्कळशा बायकांना अक्षरओळख नसल्यामुळे ती घरातला शाळकरी मुलगा लिही, किंवा सारा हिशेब तोंडी राहत असे. माणूस गावी गेला किंवा दुसरीकडे जेवला तर त्या दिवसांचे पैसे वजा करण्याच्या पद्धतीला 'खाडा' म्हणत आणि किती दिवस आधी सांगितले तर खाडा धरायचा, यावरून महिनाअखेरीस वाद होत. या बारीकशा नियमात व्यवसायाचे सारे अर्थकारण दडलेले आहे : धान्य आगाऊ भरलेले, रॉकेल जळलेले, भाकरी थापलेली, आणि जेवणारा आलाच नाही तर तोटा बाईचा.

खाणावळीला केवळ मायेचे आणि गाववाल्यांच्या जिव्हाळ्याचे ठिकाण ठरवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. तो जिव्हाळा खरा होता. नव्याने आलेल्या पोराला गिरणीत चिकटवून देण्यासाठी मुकादमाच्या कानावर घालणे, आजाऱ्याला पेज करून देणे, गावाकडचा निरोप पोचवणे ही कामे खाणावळीतून होत. पण गावाबरोबर गावाची जातही मुंबईत आली होती. जेवणाची पंगत ही जातिव्यवस्थेची सर्वांत कडक सीमा असल्यामुळे खाणावळी जातीजातींच्या आणि पोटजातींच्याही वेगळ्या राहिल्या, आणि अस्पृश्य मानलेल्या कामगाराला सवर्णांच्या खाणावळीत प्रवेश नसे. त्यांच्या वस्त्यांतील स्त्रियांनी त्यांच्यासाठी वेगळ्या खाणावळी चालवल्या. गिरणीतही हीच स्थिती होती. साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने तिथे अस्पृश्यांना काम करू दिले जात नसे आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता. एकाच वर्गात मोडणारी माणसे एका ताटाजवळ बसू शकत नव्हती, हे कामगार चळवळीचे मोठे दुखणे होते.

खाणावळीचा पाया उधारीवर उभा होता. कामगार महिनाभर जेवून पगाराच्या दिवशी पैसे चुकता करी, म्हणजे महिनाभराच्या जेवणाचे भांडवल खाणावळवालीने घालायचे असे. ते तिच्याजवळ नसल्याने ती वाण्याकडून धान्य आणि वखारीतून कोळसा उधार आणी. उधारीवर घेणाऱ्याला वाणी निवडीचा माल देत नाही आणि भावही चढा लावतो, त्यामुळे तिचा नफा स्वयंपाकाआधीच घटलेला असे. पगार लांबला, कोणी पैसे बुडवून गावी निघून गेला किंवा घरात दुखणे आले, की अंगावरचे डोरले आणि पाटल्या गहाण पडत आणि सावकाराचे व्याज सुरू होई. खोलीचे भाडे, स्वतःची आणि मुलींची मजुरी ही तिच्या हिशेबात कधीच धरली जात नव्हती. तशी ती धरली असती तर खाणावळीचा दर कामगाराला परवडला नसता, आणि कामगाराला बाजारभावाने जेवण विकत घ्यावे लागले असते तर गिरणीमालकांना त्याला अधिक मजुरी द्यावी लागली असती. मुंबईच्या कापडाच्या किमतीत या स्त्रियांच्या न मोजलेल्या श्रमांचा वाटा होता, असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे ठरत नाही.

संपाच्या काळात ही उधारी आणखीच ताणली जाई. १९२८ चा गिरणी संप जवळजवळ सहा महिने चालला. एवढ्या दीर्घ लढ्यात पुष्कळ कामगार गावी परतत. पण जे मुंबईत टिकून राहत त्यांना वाण्याची आणि खाणावळीची उधारी जगवी. कामगार संघटनांकडे संपनिधी तुटपुंजा असे आणि कित्येक आठवडे फुकट जेवू घालणाऱ्या या स्त्रियांच्या चुलीच खऱ्या अर्थाने संपाचा निधी होत्या, जरी कोणत्याही वाटाघाटीत त्यांचे थकलेले पैसे मागणीपत्रकावर आले नाहीत.

या वस्तुस्थितीची संघटित पातळीवर पहिली ठोस दखल १९७५ मध्ये घेतली गेली. गोवा मुक्तिलढ्यातून पुढे आलेल्या आणि मुंबईत डाव्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्याआधीची दोन-तीन वर्षे महाराष्ट्राला फार कठीण गेली होती. १९७२ चा दुष्काळ, त्यामागोमाग आलेली धान्यटंचाई आणि महागाई, त्याविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली निघालेले स्त्रियांचे लाटणे मोर्चे, आणि १९७३-७४ मधील गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप या साऱ्यांत खाणावळवाली दोन्ही बाजूंनी भरडली गेली होती, कारण धान्य महागले होते आणि जेवणाऱ्याचा पगार थांबला होता. चळवळीत वावरताना पुरव यांच्या लक्षात आले की या स्त्रियांची मुख्य अडचण कौशल्याची किंवा गिऱ्हाइकांची नसून भांडवलाची आहे. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बल घटकांना अल्प व्याजाने कर्ज देण्याचे धोरणही आखले गेले होते, परंतु निरक्षर, तारणाला काही नसलेली आणि कागदोपत्री 'गृहिणी' असलेली स्त्री बँकेच्या पायऱ्या चढू शकत नव्हती. मंडळाने एकाच वस्तीतील स्त्रियांचे गट केले, गटातील प्रत्येकीने दुसरीची हमी घ्यायची असे ठरवले, अर्ज भरून दिले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्जे मिळवून दिली. ही कर्जे फार मोठी नव्हती. परंतु वाण्याचे जुने देणे फेडून महिन्याचे धान्य रोखीने भरता येऊ लागले, तशी स्त्रियांची सावकारी व्याजातून सुटका होऊ लागली. आणि परतफेड चोख होत गेल्यामुळे पुढच्या गटांसाठी वाट मोकळी झाली. बचत गट हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी गिरणगावातील खाणावळवाल्यांनी परस्पर हमीचे हे तत्त्व व्यवहारात सिद्ध केले होते. मंडळाने पुढे सामूहिक स्वयंपाकगृहे, प्रशिक्षण आणि स्त्रियांच्या निवाऱ्याची सोय अशी कामेही हाती घेतली, आणि २००२ मध्ये पुरव यांना पद्मश्रीने सन्मानित करण्यात आले.

ही घडी बसत असतानाच १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. हा संप कधीही अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. सुरुवातीचे महिने खाणावळींनी नेहमीप्रमाणे उधारीवर जेवू घातले, कारण याआधीचे सारे संप कधी ना कधी मिटले होते आणि थकलेले पैसे हप्त्याहप्त्याने का होईना परत आले होते. या वेळी ते आले नाहीत. हजारो कामगार गावी निघून गेले, अनेकांना पुन्हा कामावर घेतलेच गेले नाही, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि खाणावळवालीची वही वसूल न होणाऱ्या आकड्यांनी भरलेली राहिली. नुकसानभरपाईची चर्चा झाली ती कामगारांची, कारण तो गिरणीच्या हजेरीपटावर होता. त्याला पोसणारी स्त्री कोणत्याच पटावर नव्हती.

संपानंतर खाणावळीचे रूप पालटले. जेवणारा गिरणी कामगार उरला नाही, पण स्वयंपाकावर घर चालवण्याची गरज अधिकच तीव्र झाली, कारण आता नवरा बेकार होता. पूर्वी ज्यांनी कधी खाणावळ चालवली नव्हती अशा स्त्रियांनीही कचेऱ्यांना डबे देणे, पोळी-भाजी विकणे, पापड-लोणची करणे, चाळीच्या तोंडाशी वड्याची गाडी लावणे असे उद्योग सुरू केले आणि बेकार नवऱ्यांपैकी कित्येक जण आयुष्यात प्रथमच भाजी चिरायला बसले. लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांचे दुपारचे डबेही काही अंशी उरलेल्या चाळींतूनच जाऊ लागले.

या व्यवसायाची नोंद इतकी विरळ का राहिली, याचे कारण मुख्यतः मोजणीच्या पद्धतीत आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच चुलीवर काम करणारी स्त्री जनगणनेत बहुधा 'घरकाम करणारी' म्हणून नोंदली गेली, मग ती घरच्या चौघांचा स्वयंपाक करो की बाहेरच्या वीस जणांचा. स्वयंरोजगारित आणि असंघटित स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी इला भट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९८८ च्या 'श्रमशक्ती' अहवालात घरात बसून केलेल्या कमाईचे काम मोजणीतून कसे निसटते हे स्पष्टपणे मांडले, तेव्हा गिरणगावातील खाणावळींचा भर ओसरून गेला होता. मुंबईच्या डबेवाल्यांना जगभर कीर्ती मिळाली आणि ती त्यांच्या कष्टांना साजेशीच आहे. डबा भरणारीचे नाव मात्र त्या कीर्तीत कुठे आले नाही.

काळाचौकी येथील बंद पडलेल्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात कापडगिरण्यांचे संग्रहालय उभारण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले आहे. तिथे साचे, चरक्या आणि भोंगा यांच्याबरोबर खाणावळीच्या खोलीलाही जागा मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी जुन्या चाळी पुनर्विकासात पाडल्या जात असताना तिथल्या घरांत शिल्लक असलेल्या हिशेबाच्या वह्या, कर्जाची पासबुके आणि मोठी पातेली आताच मिळवली पाहिजेत. १९८२ पूर्वी खाणावळ चालवलेल्या स्त्रिया आज वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवण्याचे काम विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि त्यांच्याच घरातल्या शिकलेल्या नातवंडांनी वेळ न दवडता हाती घ्यावे.